हलक्या रेसवर मिसिंग, मागून धडाम, वरून फट्: एका जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीची केस

गाडी चार सिलिंडरची, तेराशे सीसीच्या आतली, कार्बोरेटर डबल बॅरल, इग्निशन जुनंच म्हणजे सीबी पॉइंट (स्पार्कसाठी कॉइलचं सर्किट जोडणारी-तोडणारी पत्त्यांची जोडी), कंडेन्सर आणि डेल्कोच्या, म्हणजे चारही प्लगना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, बाजूला व्हॅक्यूमचा डबा. मालकांची तक्रार एका ओळीची होती, "मिसिंग मारते आणि फटाके फोडते." असं ऐकलं की बहुतेक ठिकाणी हात थेट कार्बोरेटरकडे जातो आणि इथेही तसंच झालेलं, माझ्याकडे यायच्या आधीच कार्बोरेटरचं किट टाकून झालं होतं, प्लग नवे, वायरी नव्या, कॉइलसुद्धा नवी, आणि गाडी आहे तशीच, उलट पेट्रोल जास्त प्यायला लागली असं त्यांचं म्हणणं.

पाना हातात घ्यायच्या आधी मी त्यांना एकच गोष्ट नीट विचारली, फटाका वाजतो तो कुठून? बॉनेटखालून की मागून सायलेन्सरमधून? ते म्हणाले "दोन्हीकडून, पण एकाच वेळी नाही." हे उत्तर सोन्यासारखं होतं, कारण हे दोन आवाज म्हणजे दोन वेगळ्या तक्रारी असतात आणि लोक दोन्हीला बॅकफायर म्हणून मोकळे होतात. मागून धडाम वाजतं म्हणजे न जळलेलं पेट्रोल हवेसकट गरम सायलेन्सरमध्ये पोचलं आणि तिथे पेटलं. वरून कार्बोरेटरमधून फट् येतं म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह उघडा असताना मॅनिफोल्डमधलं (कार्बोरेटर ते सिलिंडरच्या वाटेतलं) मिश्रण पेटलं, आणि त्यामागे बहुतेक वेळा मिश्रण पातळ असतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, कारण पातळ मिश्रण हळू जळतं आणि पुढच्या सक्शनची वेळ आली तरी सिलिंडरमध्ये थोडी आग शिल्लक असते. टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, फार चुकलेलं असेल, प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्या असतील किंवा इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तरी वरून आवाज येतो, पण ते नंतर बघायचं.

मग विचारलं कधी वाजतं. मागचा धडाम सपाट रस्त्यावर, गाडी टॉपला आणि पाय एक्सलेटरवर अगदी हलका ठेवलेला असताना, आधी दोनतीन झटके बसतात आणि मग आवाज. चढावर पाय पूर्ण दाबला की गाडी व्यवस्थित ओढते, काही नाही. स्लो स्पीडवर उभी असतानाही काही नाही. वरचा फट् मात्र सिग्नलवरून निघताना एकदम रेस दिली की, आणि इंजिन थंड असताना जास्त, चोक ओढलेला असेल तर कमी.

ही माहिती हाताशी असताना कार्बोरेटर परत खोलायची घाई मला अजिबात पटत नव्हती. विचार करा, स्पार्क कमजोर असेल, म्हणजे कॉइल गेली, प्लगचा गॅप वाढला, वायरीतून करंट लीक होतोय, तर त्रास लोडवर व्हायला पाहिजे, कारण थ्रॉटल (एक्सलेटर दाबला की उघडणारी कार्बोरेटरमधली पाकळी) पूर्ण उघडा असताना सिलिंडरमध्ये दाब जास्त आणि दाब जास्त तेवढा प्लगच्या टोकावर स्पार्क उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य बारीक भोक) चोंदलं असेल किंवा पंप पेट्रोल कमी देत असेल तर तेही लोडवरच कळतं. इथे लोडवर गाडी खूश आणि आरामात चालवली की रडते. असं उलटं वागणारं इंजिनमध्ये काय आहे? जे हलक्या रेसवर काम करतं आणि फुल थ्रॉटलवर झोपतं ते काय? व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स, म्हणजे इंजिनच्या ओढीवर स्पार्क थोडा आधी पाडणारा डेल्कोच्या बाजूचा तोच डबा. त्याची नळी या कार्बोरेटरला थ्रॉटलच्या पाकळीच्या किंचित वर जोडलेली असते, त्यामुळे स्लोवर तिथे ओढ नसते, थ्रॉटल थोडा उघडला की भरपूर ओढ येते, आणि पूर्ण उघडला की मॅनिफोल्डमधलाच व्हॅक्यूम जवळपास संपतो. तक्रारीचा नकाशा आणि या डब्याचा नकाशा तंतोतंत जुळत होता.

तरी आधी पायाभूत गोष्टी बघून घेतल्या, कारण इंजिनच बसलेलं असेल तर वरचं सगळं ट्यूनिंग पाण्यात. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून कॉम्प्रेशन घेतलं, चारही १४५ ते १५२ पीएसआयच्या दरम्यान, म्हणजे फरक दहा टक्क्यांच्या पुष्कळ आत. शेजारशेजारची दोन सिलिंडर एकदम खाली असती तर हेड गॅस्केटचा संशय घेतला असता, एकच खाली असतं तर चमचाभर ऑईल टाकून परत घेतलं असतं, रीडिंग वाढलं तर रिंग आणि तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह. इथे गरजच पडली नाही. प्लग मात्र चारही काळे, कोरड्या काजळीने भरलेले, म्हणजे मिश्रण जाड. ज्या गाडीला पातळ मिश्रणाचा फट् येतोय तिचे प्लग काळे, हे ऐकून मालक गोंधळले, आणि खरं सांगायचं तर इथेच ही केस मजेशीर झाली.

व्हॅक्यूम गेज लावला. चांगल्या इंजिनला स्लोवर समुद्रसपाटीच्या आसपास १७ ते २१ इंच पारा दिसतो, उंचीवर दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी. इथे १५ आणि काटा बऱ्यापैकी स्थिर. जळलेला व्हॉल्व्ह असता तर काट्याने ठराविक अंतराने खाली उडी मारली असती, तसं काही नव्हतं. स्थिर पण खाली याचा अर्थ सहसा दोनपैकी एक, टायमिंग मागे आहे किंवा कुठूनतरी चोरटी हवा आत येतेय. टायमिंग लाइट मारला तर स्पार्क पिस्टन सगळ्यात वर यायच्या फक्त ३ डिग्री आधी, जिथे या इंजिनला स्लोवर नळी काढून, कार्बोरेटरकडचं तोंड बंद करून १० पाहिजे. मालकांना आठवलं, फटाके वाजतात म्हणून कोणीतरी डेल्को फिरवून टायमिंग मागे केलं होतं. हा उपाय मी अनेकदा बघितलाय आणि मला तो कळत नाही, टायमिंग मागे गेलं की जळणं उशिरा सुरू होतं, उशिरा संपतं, सायलेन्सर जास्त तापतो, आणि तिथे कच्चं पेट्रोल पोचलं की धडाम व्हायची सोय उलट वाढते. टायमिंग सध्या आहे तसंच ठेवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणून.

आता मुख्य चाचणी, आणि ही फुकटची आहे. डेल्कोच्या डब्यावरची व्हॅक्यूमची नळी काढली, नळीत एक स्क्रू घट्ट बसवला म्हणजे हवा आत ओढली जाणार नाही, आणि गाडी त्याच रस्त्यावर त्याच हलक्या रेसवर नेली. झटके गेले. धडाम गेला. गाडी जरा मंद वाटत होती पण एकसारखी चालत होती. नळी परत लावली, तक्रार परत हजर.

मालक म्हणाले, "मग राहू द्या ना नळी काढलेलीच, चालतेय की." बरेच जण खरंच असं ठेवतात. पण हलक्या रेसवर सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरलेलं असतं, ते हळू जळतं, म्हणून त्याला आधी पेटवावं लागतं, आणि ते काम हा डबा करतो. तो बंद ठेवला तर आरामात चालवताना पेट्रोल जास्त जातं आणि इंजिन गरम चालतं. शिवाय डबा दोषी आहे हे अजून कुठे सिद्ध झालंय? डबा हलला की काहीतरी बिघडतं, एवढंच कळलेलं.

तीन शक्यता होत्या. डब्यातला पडदा फाटलेला, म्हणजे त्यातून हवा आत जाऊन मिश्रण पातळ. व्हॅक्यूमच्या हातपंपाने १५ इंच ओढून धरलं, काटा जागचा हलला नाही, पडदा साबूत. दुसरी, अ‍ॅडव्हान्स गरजेपेक्षा जास्त. लाइट मारून बघितलं तर डबा १२ ते १४ डिग्री देत होता, त्यात वावगं काही नाही, आणि वजनाचा सेंट्रिफ्युगल अ‍ॅडव्हान्सही (वेग वाढला की फिरती वजनं बाहेर फेकली जाऊन स्पार्क आधी आणणारा) रेस वाढवली तसा सरळ वाढत होता, अडकत नव्हता. तिसरी शक्यता, डबा ज्या प्लेटला ओढतो ती प्लेट फिरताना आतलं कनेक्शन तुटतंय. सीबी पॉइंट या प्लेटवर बसलेले असतात, कॉइलकडून येणारी बारीक वायर डेल्कोच्या भिंतीतून आत येऊन पॉइंटला लागते, आणि रेस बदलली की प्लेट पुढेमागे होते तशी ती वायरही वाकते. वर्षानुवर्षं, एकाच जागी.

इंजिन स्लोवर चालू ठेवून ड्वेल मीटर (पॉइंट किती डिग्री मिटलेले राहतात ते दाखवणारा) लावला, ५६ डिग्री, चार सिलिंडरला ५० ते ६० मध्ये असलं की बरं. हातपंपाने डबा हळूहळू ओढला. आधी इंजिनची रेस वाढली, तशी वाढायलाच पाहिजे, आणि मग एका ठराविक जागी इंजिन लटपटलं आणि ड्वेलचा काटा उडायला लागला. पंप सोडला, परत शांत. मालकांनी स्वतः पंप ओढून बघितला आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा विश्वास दिसला.

चालत्या इंजिनवर साध्या मल्टीमीटरने असा दोष पकडायचा नाद करू नका, चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० स्पार्क मारतं, म्हणजे एका स्पार्कला १० मिलिसेकंद, त्यातले साधारण ६ कॉइल भरायला, त्यातला एखादा चुकला तर मल्टीमीटरला पत्ताही लागत नाही. म्हणून इंजिन बंद करून, पॉइंट मिटलेले असतील असं इंजिन हाताने फिरवून, चावी ऑन केली आणि व्होल्टेज मोजलं. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल कॉइलच्या निगेटिव्हला. पॉइंट मिटलेले असताना इथे ०.२ च्या आसपास किंवा कमीच दिसलं पाहिजे. ०.२५ दिसलं, म्हणजे ठीकठाक. मग डबा ओढून प्लेट फिरवली आणि एका जागी सरळ १२ व्होल्ट, म्हणजे सर्किट तुटलं. लाल प्रोब पॉइंटच्या पत्तीवर आणली तर आधी ०.१, आणि तीच प्लेट त्याच जागी फिरवली तर सरळ शून्य, १२ काही येईना. म्हणजे पॉइंट चांगले, प्लेटचं अर्थिंग चांगलं, आणि दोष या दोन जागांच्या मधे, त्या वीतभर वायरीत. चावी ऑन आणि पॉइंट मिटलेले अशा स्थितीत जास्त वेळ ठेवू नका हं, कॉइल तापते, मोजा आणि बंद करा.

वायर बाहेरून अगदी चांगली दिसत होती, इन्सुलेशन कुठे चिरलेलं नाही, जळकं नाही. दोन्ही टोकं सोडवून ती दोन्ही हातांनी हलकेच ओढली, तर एका जागी रबरासारखी लांबली. आत तांबं साबूत असेल तर वायर लांबत नाही, ही लांबली म्हणजे आतले तांब्याचे तार तुटलेत आणि नुसतं इन्सुलेशन दोघांना धरून आहे. कापून बघितलं तर तसंच, तुटलेली टोकं काळी पडलेली.

प्लेट जागेवर असताना टोकाला टोक लागायचं, म्हणून स्लोवर आणि फुल थ्रॉटलवर गाडी खूश. हलक्या रेसवर प्लेट फिरली, वायर वाकली, टोकं सुटली, दोनचार स्पार्क गेले, तेवढ्या सिलिंडरमधलं कच्चं मिश्रण सायलेन्सरमध्ये आणि पुढचा स्पार्क लागल्यावर त्याच्या आगीने सगळं एकदम पेटलं. झटके इतके जोरात का बसत होते त्याचंही उत्तर यात आहे. कॉइलला पॉइंट आणि तुटकी वायर यातला फरक कळत नाही, सर्किट कुठेही तुटलं की ती स्पार्क देते, मग तो पुढच्या सिलिंडरला वेळेच्या फार आधी मिळाला तर पिस्टन वर येत असतानाच मिश्रण पेटतं आणि त्याला उलटा दणका बसतो.

वायर बदलताना भरपूर बारीक तारांची, मऊ सिलिकॉन इन्सुलेशनची घेतली. घरातल्या वायरिंगची जाड तारांची वायर इथे चालत नाही, ती लवकर तुटते आणि ताठ असल्यामुळे प्लेटलाही मोकळी फिरू देत नाही. डब्याने प्लेट पूर्ण ओढलेल्या स्थितीत वायरीला थोडा ढिलेपणा राहील आणि रोटरला किंवा कॅमला घासणार नाही अशी लांबी ठेवली. पॉइंटचा गॅप फिलर गेजने ०.४५ मिलिमीटर, ड्वेल परत ५६, मग टायमिंग १० वर. क्रम हाच ठेवायचा, आधी गॅप मग टायमिंग, कारण गॅप कमीजास्त केला की टायमिंग आपोआप सरकतं. जाता जाता प्लगच्या वायरी बघितल्या, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आणि ३ आणि ४ च्या वायरी बऱ्याच लांबीपर्यंत एकमेकींना चिकटवून बांधलेल्या. हे दोन सिलिंडर शेजारचे आणि पाठोपाठ फायर होणारे, अशा वेळी एकीतला करंट दुसरीत उतरू शकतो, म्हणून वेगळ्या केल्या. या केसमध्ये त्याचा काही हात होता असं वाटत नाही.

मागचा धडाम संपला. वरचा फट् मात्र तसाच, आणि तसाच राहणार होता, तो वेगळा आजार.

काळे प्लग आणि पातळ मिश्रणाचा फट् हे कोडं इथे सुटलं. स्लोचा मिक्स्चर स्क्रू जवळपास चार फेरे उघडा होता. एवढा कोण उघडतं आणि कशाला? तर कमी उघडला की स्लो टिकत नव्हता म्हणून. आणि स्लो टिकत नव्हता कारण कार्बोरेटरच्या खालून हवा आत येत होती. इंजिन स्लोवर ठेवून, एअर फिल्टर जागेवर ठेवून, साध्या पाण्याच्या बाटलीने कार्बोरेटरच्या बुडाभोवती पाणी फवारलं तर एका कोपऱ्यावर पाणी पडलं की इंजिनचा आवाज बदलायचा. बरेच जण इथे कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारतात, त्याने नीट कळतं हे खरं, पण गरम मॅनिफोल्डवर पेट घेणारी वस्तू फवारायची आणि वरून जे इंजिन फट् करून आग ओकतंय त्याच्यावर, मला ते पटत नाही. आणि त्याच कारणासाठी अशी गाडी फिल्टर काढून पळवू नका, फिल्टर आगीला अडवतो.

कार्बोरेटर उतरवला तर बुडाची फ्लँज दोन बोल्टच्या बाजूंनी खाली वाकलेली, मधे उंच. गळती थांबावी म्हणून कोणीतरी नट जोर लावून आवळले असणार, आणि जितके आवळले तितकी फ्लँज वाकली. जाड काचेवर सँडपेपर ठेवून फ्लँज घासून सपाट केली, मधला इन्सुलेटर आणि दोन्ही गॅस्केट नवे, नट एकसारखे आणि बेताने.

तेवढ्यावर फट् पूर्ण गेला नाही, कमी झाला. इंजिन बंद करून कार्बोरेटरच्या नरड्यात बघत थ्रॉटलची दांडी हाताने झटकन ओढली, तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या नळीतून पेट्रोल ताबडतोब धार होऊन यायला पाहिजे, इथे आधी काहीच नाही आणि मग ओघळ. एकदम रेस दिली की हवा लगेच आत घुसते आणि पेट्रोल मागे राहतं, ती दरी भरायला हा पंप असतो, तो उशिरा आला तर तेवढा क्षण मिश्रण पातळ आणि फट्. किटमधला पडदा नवाच होता. पंपाच्या वाटेवर जी छोटी स्टीलची गोळी वाल्व्हचं काम करते ती मात्र जुन्या वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थरात अडकली होती, किट टाकताना ती वाट साफ झालेली नव्हती. सॉल्व्हंट आणि हवा मारून मोकळी केली, धार सरळ आली. चोक ओढल्यावर हा त्रास कमी का व्हायचा तेही उघड आहे, चोक मिश्रण जाड करून तो खड्डा झाकत होता.

मालकांनी विचारलं, "इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे तर नाही ना झालं हे?" थोडंफार. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, १० टक्के इथेनॉल घातलं की तो आकडा १४.१ च्या आसपास येतो, कार्बोरेटरचे जेट तर जुन्याच मापाचे, म्हणजे मिश्रण आपसूक चार टक्के पातळ. एवढ्याने चांगली गाडी फट् करत नाही, पण आधीच हवा चोरणाऱ्या गाडीला ते पुरतं.

मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने बसवून, दीड फेरा उघडून, मग व्हॅक्यूम गेज बघत जिथे काटा सगळ्यात वर तिथे ठेवला, स्लो परत खाली आणला, गेज १९. प्लग साफ करून लावले आणि लांब चक्कर मारून आल्यावर परत काढले तेव्हा टोकं फिकट बदामी दिसत होती.

एक बारीक तक्रार राहिली, उतारावर पाय उचलला की मागून हलकं पुट्पुट्. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पाइपच्या जोडावर काळे डाग होते, तिथून बाहेरची हवा आत जाऊन उरलंसुरलं पेट्रोल पेटत होतं. जोडाचं गॅस्केट बदलल्यावर तेही गेलं.

मालकांना आता पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाकायचंय, टाका म्हटलं, चांगलंच आहे, पॉइंटच्या घासण्याची कटकट जाते. फक्त ते सेन्सर त्याच हलणाऱ्या प्लेटवर बसतं आणि त्याच्या दोन्ही वायरी त्याच वाटेने बाहेर जातात. म्हणून बसवणाऱ्याला सांगा, वायरी क्लिपमध्ये पक्क्या करायच्या आधी हातपंपाने डबा ओढून प्लेट पूर्ण फिरवायची आणि त्या स्थितीत वायरी ताणल्या जात नाहीत ना ते बघायचं.